पाचव्या माणसाचा बाक

मित्रांनो, ज्याच्यावर सगळे बसतात पण ज्याला कुणी कधी 'बसा' म्हणत नाही, असा मी एक जुना लाकडी बाक आहे. ज्या झाडातून मी निघालो ते इतकं उंच होतं, की ढगांना त्याला वळसा घालून जावं लागे. पटत नसेल तर ढगांना विचारा. सुताराने मला चौघांच्या मापाने बेतलं आणि एका न्हाव्याच्या दुकानाबाहेर, पायरीला लागून माझी स्थापना झाली.

न्हाव्याच्या वडिलांनी मला करवून घेतलं. पुढे दुकान मुलाकडे आलं. हा मुलगा असा बोलका, की ऐकता ऐकता गिऱ्हाइकाच्या गालावर साबण वाळून जाई. माझ्यावर रोज तेच चौघं बसत. त्यांच्यात गल्लीतले घड्याळजी सगळ्यांत वडील. ठाण्याचे हवालदारही सकाळी दाढीला येत आणि जाताना मला थोपटत. "हा बाक म्हणजे आमच्या ठाण्याची शाखाच आहे," म्हणत. खोटं कशाला बोलू, मी तेव्हा फुगून दोन बोटं लांब झालो होतो!

मग घड्याळजींचं दुकान फुटलं. एक काटासुद्धा उरला नाही. बिचारे माझ्यावर बसून रडले.

"पोलिसांचे हात बांधलेत रे सगळ्यांनी! मोकळे करा म्हणावं एकदा," ते म्हणाले.

"हात मोकळे करा घड्याळजी, पण डोळेही उघडे ठेवायला सांगा," न्हावी म्हणाला.

"तुझं दुकान फुटलं नाही ना, म्हणून सुचतंय हे."

न्हाव्याने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. घड्याळजींचं दुःख खरंच होतं.

नवा हुकूम आला. पाचजण एकत्र दिसले आणि पोलिसाला संशय आला, तर उचलायचं. का, ते सांगायचं नाही. कोर्टापुढे कधी उभं करायचं, तेही त्यांनीच ठरवायचं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. माझ्यावरचे चौघं निर्धास्त होते, कारण ते चौघंच होते.

एका सकाळी घड्याळजींनी कसलासा विनोद सांगितला. आत दाढी करणाऱ्या न्हाव्याला इतकं हसू फुटलं, की तो गिऱ्हाइकाला अर्धं सोडून हातातल्या वस्तऱ्यासकट दारात आला. नेमकी तेव्हाच गाडी थांबली. उतरलेला साहेब नवा होता.

"हा पाचवा. आणि हातात हत्यार," तो म्हणाला.

त्याच्यामागून गाडीतून उतरलेले आपले हवालदार पुढे झाले. "साहेब, न्हावी आहे तो. रोज त्याच्या वस्तऱ्याखाली गळा देतो मी."

"उद्यापासून देऊ नका."

पाचही जणांना नेलं. पुरावा म्हणून मलाही उचललं. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक खुर्चीत तसंच बसून राहिलं.

चौघं संध्याकाळी सुटले. न्हावी राहिला. मला ठाण्याच्या अंगणात टाकलं होतं. तिथेच त्याची बायको डबा घेऊन येऊन बसू लागली.

"भावजी, गुन्हा काय त्यांचा? एवढं तरी सांगा."

"वहिनी, सांगायचा हुकूम नाही," हवालदार जमिनीकडे बघत म्हणायचे.

डबा तसाच परत जायचा.

खरं ते सांगायला हवं. त्याच हुकमाच्या जोरावर चोरही सापडले. घड्याळजी आपला माल घ्यायला आनंदाने आले. माझ्यावर बसलेली वहिनी दिसताच त्यांची चाल मंदावली. माझ्यावर बसले नाहीत. घड्याळं छातीशी धरून भिंतीकडेने निघून गेले.

पुढे कधीतरी न्हाव्याला सोडलं. आरोप नव्हताच, तेव्हा निर्दोष तरी कोण म्हणणार? माझ्या सुटकेला मात्र वरची सही लागत होती. ती आल्यावर हवालदारांनी त्याला बोलावून घेतलं.

"ने बाबा तुझा बाक. हातगाडी मी सांगतो."

न्हाव्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. पूर्वी एवढ्या वेळात त्याच्या तीन गोष्टी सांगून झाल्या असत्या.

"राहू दे साहेब इथंच."

"अरे, वडिलांची आठवण ना ही?"

"तिकडे नेला तर लोक बसतील."

"मग बसू देत की!"

"बसले की बोलतील. बोलले की मला हसू येईल." एवढं म्हणून तो निघाला.

हवालदार कितीतरी वेळ माझ्यापाशी उभे होते. त्यांची दाढी वाढलेली होती.

मित्रांनो, आता मी ठाण्यातच असतो. कुणाची आई, कुणाचा भाऊ माझ्यावर दाटीवाटीने बसतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही. चोर पकडायला पोलीस हवेत, त्यांच्या हाताला बळही हवं. पण ते बळ देताना 'का नेलंत?' हे विचारायचा आपला हक्क त्यांच्या स्वाधीन करू नका. मला रंग नको, पॉलिश नको. तुमच्या गल्लीत एखादा बाक अचानक रिकामा दिसला, तर धूळ झटकून त्यावर बसू नका. त्यावर बसणारे कुठे गेले, ते आधी विचारा. आणि मोठ्याने विचारा.