शेवटच्या खोलीतलं बटण

आबांनी बटण दाबलं. कोणी आलं नाही. पुन्हा दाबलं. शेजारी उभ्या वायफायवाल्याने खिशातून फोन काढून पाहिला, तर रेंज काठोकाठ.

आबा त्याचे वडील. अर्धांगवायूने वाचा नेली, उजवी बाजू नेली; हाक मारायला उरला डावा अंगठा आणि त्याखालचं हे बटण. दाबलं की वायफायवरून सिस्टरच्या टेबलावर घंटा वाजणार. आणि या शुश्रूषागृहाचं वायफाय बसवलं कोणी? त्यानेच, आणि केवढ्या तोऱ्यात! वायफायची नवी पेटी दिव्यासारखा चहूकडे उजेड सांडत नाही, टॉर्चसारखा नेमका झोत मारते, असं मालकाच्या गळी उतरवून त्याने निम्म्या पेट्या वाचवल्या होत्या. मग फोन घेऊन खोलीखोलीत हिंडला. सगळीकडे फुल्ल. स्वारी हवेत!

आज सकाळी इथे दाखल झाल्याझाल्या आबांनी सिस्टरला आधी दाराबाहेरच्या बोळात छतावर बसवलेली पेटी बोटाने दाखवली होती, मग ऐटीत लेकाकडे बोट केलं होतं: यानेच बसवली!

पण झोत कुठे मारायचा हे पेटीला कळतं कसं? समोरचं यंत्र आपला ठावठिकाणा कळवतं म्हणून. नवा फोन कळवतो. हे जुनाट बटण कळवतच नाही. त्याच्या वाट्याला नुसता सांडलेला उजेड, आणि तो पेटीजवळच्या खोल्यांतच संपतो. फोनऐवजी बटण घेऊन हिंडावं, हे शहाण्याला सुचलंच नव्हतं.

तो मालकाकडे धावला. पदरमोड करून आत्ता पेटी लावतो म्हणाला, हातापाया पडला.

"निम्म्यात भागेल म्हणून तुम्हीच नाचत होतात ना?" मालक म्हणाला. "आता दुसऱ्या कोणाकडून तपासणी होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही."

दुसरी खोली रिकामी नव्हती. सिस्टर येताजाता डोकावेन म्हणाली, पण अख्ख्या मजल्याला ती एकटी. शिवाय भेटायची वेळ संपली, निघा आता, हेही तिनेच सांगितलं.

त्याने स्टीलचा पेला आबांच्या कुशीशी ठेवला, चमचा डाव्या हातात दिला.

"आबा, काही लागलं तर हे वाजवा. बटण इथून पोचत नाही. माझं चुकलं."

आबांनी चमचा हळूच बाजूला सारला. लेकाच्या हातावर थोपटलं. मग दारातून दिसणाऱ्या छतावरच्या पेटीकडे एकदा पाहून त्यांनी बटण दाबलं, आणि आत्ता कोणी येईलच अशा नजरेने ते दाराकडे बघत राहिले.