ढब्बूचे सगळे हक्क

सकाळपासून नवरा घरात येरझाऱ्या घालत होता. स्वयंपाकघरापर्यंत जायचा, फ्रिज उघडायचा, काहीही न घेता बंद करायचा आणि परत चित्रांच्या टेबलाशी यायचा. टेबलावर करारपत्र पडलं होतं. त्यावर त्याची सही झाली की ढब्बू प्रकाशकाचा होणार होता.

ढब्बू म्हणजे गेंडा. रबरी बूट घालणारा आणि तरीही डबक्याला घाबरणारा. लेक लहानपणी तापानं फणफणली होती आणि औषधाला तोंड उघडत नव्हती, तेव्हा नवऱ्यानं तो पहिल्यांदा काढला. पुढे त्याची पुस्तकं झाली, आणि त्याच्याच जिवावर हा नोकरी सोडून घरी काम करू लागला.

"कायमचे सगळे हक्क म्हणजे नक्की काय रे?" मी विचारलं.

"म्हणजे उद्या मी लेकीच्या वाढदिवसाच्या कार्डावर ढब्बू काढला तरी ती चोरी."

"मग सही करू नकोस."

"आणि कर कुठून भरू? आज शेवटची तारीख आहे."

इथे माझं डोकं फिरलं. कराचे म्हणून बाजूला ठेवलेले थोडे पैसे संगणक बिघडला तेव्हा वापरले, हे मान्य. पण उरलेल्यात भागायला हवं होतं. वर्षभर मी खर्चाला कात्री लावत आले होते. मग एवढा कर लागलाच कसा? आमचा कराचा हिशेब माझा दादा करतो. त्याचा धंदाच तो. आमच्याकडून पैसे घेत नाही, पण काम चोख. चूक त्याची नसणार.

"दादाला यंदाचं उत्पन्न किती सांगितलंस?"

नवऱ्यानं पुन्हा फ्रिज उघडला.

"तो बंद कर आणि सांग."

त्यानं आकडा सांगितला. एवढे पैसे या घरात आले असते तर मला दिसले नसते का?

"पाठवलेली सगळी बिलं धरली," तो म्हणाला. "काम तर केलं होतं ना मी?"

"अरे, पण प्रकाशकानं दोन पुस्तकांचे पैसे अजून दिलेच नाहीत! आपलेच पैसे दाबून ठेवायचे आणि वर आपली अडचण बघून ढब्बू मागायचा?"

"तुझ्या दादानं फोनवर विचारलं, काय जावईबापू, यंदा तरी काही कमाई? तुझ्या माहेरी सगळे हसतात मला. चित्रं काढतो म्हणून. निघून गेलं तोंडातून."

"मग नंतर खरं सांगायचंस."

"ढब्बू विकेन, पण त्यांना सांगणार नाही."

बढाईवर कर भरायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. खूप राग आला, आणि अपराधीही वाटलं. माहेरी हे हसणं चालू असताना मी दर वेळी गप्प बसले होते.

तेवढ्यात प्रकाशकाचा फोन आला. मीच घेतला.

"वहिनी, सही झाली का? लगेच पैसे सोडतो."

"आधी त्या दोन पुस्तकांचे सोडा."

"ते होईल हो, बघतो मी."

मी फोन ठेवला आणि दादाला लावला. नवरा हातानं नको नको म्हणत होता. मी स्पीकर चालू केला आणि सगळं सांगून टाकलं.

"अगं, आपण हातात आलेले तेवढेच धरतो, दरवर्षी," दादा म्हणाला. "विवरणपत्र अजून भरलेलं नाही, दुरुस्त करतो. निम्म्याहून कमी होईल."

तेवढे आमच्याकडे होते. मला हायसं वाटलं. दादा मात्र चुकचुकला.

"काय रे?"

"मी आईला सांगून बसलो. जावई यंदा माझ्यापेक्षा जास्त कमावतोय म्हटलं. परवा सगळ्यांसमोर म्हटलं. बाकीचे हसायला लागले तर त्यांना गप्प केलं मी. फार बरं वाटलं होतं गं मला."

नवरा फ्रिजच्या दाराला धरून उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"त्यांना फोन दे," दादा म्हणाला. "आकडा त्यांच्याच तोंडून हवा मला."

नवऱ्यानं फोन घेतला. दोनदा घसा खाकरला आणि वर्षभरात खरोखर मिळालेली रक्कम सांगितली. ती ऐकताना मलाही कानकोंडं झालं, इतकी ती लहान होती.

"बरं," दादा म्हणाला. "लिहून घेतली. आणि आईची काळजी करू नका, तिला मी काही बोलत नाही."

"थांबा," नवरा म्हणाला. त्यानं करारपत्र उचलून केराच्या डब्यात टाकलं आणि सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीवर बसला. "आई आहेत का तिथे? द्या त्यांना. मीच सांगतो."