वाइंडर, चौदा वर्षं

"चार पानं? कोकिळाताई, हे वाचीन कोन?"

पुष्पाने कागद हातात तोलले. दिग्रसच्या बसस्टँडसमोर ती नोकरीचे अर्ज टाइप करून द्यायची. कोणता साहेब किती वाचतो, हे तिला पाठ होतं. "दारव्ह्याच्या ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीवाल्याले एकच पान पायजे."

कोकिळाने आठ दिवस खपून ते लिहिलं होतं. आजवर भरलेली एकेक मोटार त्यात होती : तीन हॉर्सपॉवरची, पाचची, बोअरमधली. कापसाच्या जिनिंगमधल्या पंचवीस हॉर्सपॉवरच्या मोटारीची तर माहितीची पट्टीच गंजून गेलेली. जळलेल्या तारेचे वेढे एकेक मोजून तिने ती मोटार नव्या तारेने भरली होती. सौर पंप आल्यापासून घरच्या दुकानात दुरुस्तीला मोटारी कमी येऊ लागल्या, म्हणून तर ही धडपड.

पुष्पा भराभर रेघा मारत गेली. बोअरमधली गेली, जिनिंगची गेली. शेवटच्या ओळीवर पेन थांबलं.

"'पतीच्या दुकानात मदत.' मदत? मंग तार भरायचं, वाइंडिंगचं काम कोन करते?"

कोकिळा म्हणाली, "मीच करतो. ते मोटार खोलून देतात, फिटिंग करतात. गिऱ्हाइकाशी बोलतात."

"चार पानं लिवली, अन् हेच नाही लिवलं तुमी?"

मग पुष्पाने सगळं एका पानात बसवलं. वर ठळक अक्षरांत लिहिलं : वाइंडर, चौदा वर्षं. "आता दुकानमालकाची सही आना."

दुकानमालक म्हणजे लखन, तिचा नवरा. पाटीवर त्याचंच नाव. आसपासच्या सगळ्या तांड्यांवर त्याच्याच हाताचं कौतुक. त्याने कागद दोनदा वाचला.

"मदतनीस लिव ना. काय फरक पडते?"

"मदतनिसाच्या हाती ते झाडू देतीन."

"अन् लोकं मले काय म्हनतीन? चौदा वर्सं बायकोच्या हातावर..."

कोकिळा आत जाऊन भाकरी थापू लागली. परत आली तेव्हा लखन बाहेर निघून गेला होता आणि कागदावर सही होती. इतकी दाबून केलेली, की मागच्या बाजूने बोटाला लागत होती.

दारव्ह्याच्या साहेबाने ते पान अर्ध्या मिनिटात वाचलं. एक जळकी कॉइल पुढे ठेवली आणि म्हणाला, "भरून दाखवा." दुपारी चारला त्याने मीटर लावून पाहिलं, मान हलवली आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

सोमवारी सकाळी कोकिळा डबा घेऊन दुकानाच्या पायरीवर चपला घालत होती. एवढ्यात एक शेतकरी दुचाकीच्या कॅरियरवर मोटार बांधून आला.

"लखनभाऊ, सांजेपर्यंत भरून ठेवजा. तुमच्या हातची मोटार पुन्हा जळत नाही."

लखनने मोटारीवर हात ठेवला.

"हात माहा नव्हता भाऊ," तो म्हणाला. "तिचा होता. अन् ती आता दारव्ह्याले कामाले चालली."

शेतकऱ्याने वळून कोकिळाकडे पाहिलं. ती स्टँडकडे चालू लागली.

कोपऱ्यावरून तिने मागे बघितलं. लखन मोटार पुन्हा कॅरियरवर बांधून देत होता, वाकून, दोरीची गाठ घट्ट करत.