चष्म्याच्या दुकानातली पोकळी

पस्तीस वर्षं मी हाडांच्या वॉर्डात नर्स होते. निवृत्त झाल्यावर दोन महिने घर आवरलं. तिसऱ्या महिन्यात आवरायला काही उरलं नाही, म्हणून धाकटीचे कप्पे उपसायला घेतले, तेव्हा तिने मला कोपरापासून हात जोडले. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. आमचे नवरे सख्खे भाऊ, तीन वर्षांच्या अंतराने दोघेही गेले, आणि आता आम्ही दोघी दोन खोल्यांत एकमेकींच्या तोंडाला तोंड देत राहतो.

"ताई, दुपारचं कुठेतरी जात चला हो," ती म्हणाली. "नाहीतर मला तरी कुठे पाठवा."

त्याच आठवड्यात चित्रकलेचे सर बाजारात भेटले. माझे जुने पेशंट. मांडीचं हाड मोडून सहा आठवडे पायाला वजन लावून पडले होते. म्हणाले, "सिस्टर, माझ्या वर्गाला समोर बसणारं माणूस हवंय. नुसतं बसायचं. हलायचं नाही."

"सहा आठवडे मी तुम्हाला हेच सांगत होते," मी म्हटलं. "तुम्ही ऐकलंत का?"

पण मी गेले.

सायकलच्या दुकानावर एक लांबट खोली होती. खालून पंक्चरच्या सोल्यूशनचा वास यायचा, वरून टर्पेंटाइनचा, आणि जिन्यात दोन्ही एक व्हायचे. मधे लाकडी चौथरा, त्यावर खुर्ची. सरांनी पहिल्या दिवशी खुर्चीच्या पायांभोवती आणि माझ्या चपलांभोवती खडूची रेघ मारली, म्हणजे उठले तरी परत नेमकं तिथेच बसता यावं. वीस मिनिटं बसायचं, पाच मिनिटं मोकळं. ऐकायला सोपं वाटतं. पण वीस मिनिटांत पाठीत किती मणके आहेत ते एकेक करून कळतं.

समोर सात जण. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, मीही त्यांचं विचारलं नाही. मनातल्या मनात मीच त्यांना नावं ठेवली, दोन्ही अर्थांनी. एकाचं नाव दाढी. तो माझ्या तोंडावर सांगायचा, "चेहरा ही आता संपलेली गोष्ट आहे." आणि एक मुलगी होती, पंचविशीची, सडपातळ, गळ्यापर्यंत बंद काळे कपडे. तिचं नाव मी पोकळी ठेवलं, कारण तिच्या दर तिसऱ्या वाक्यात पोकळी असायची.

"मला या व्यक्तीत रस नाही," ती दाढीला सांगत होती. "तिच्या मागे जी पोकळी आहे ना, ती मला पकडायचीय."

ही व्यक्ती म्हणजे मी. सात फुटांवर बसलेली, ऐकू येत असलेली.

घरी आल्यावर धाकटीने विचारलं, "तुमच्या मागे काय आहे म्हणे?"

"पोकळी."

"भिंत नाही?"

"भिंतही आहे."

"मग भिंत काढावी की. सोपी पडेल." आणि ती चुलीकडे वळली, खांदे हलत होते तिचे हसून.

मला मात्र हसू येईना. आठवड्यातून दोन दिवस मी गुडघा दाबून तिथे बसायची आणि ही मंडळी पेन्सिलीला टोक काढता काढता आकृतिबंध, नेणीव, अवकाश असले शब्द एकमेकांकडे फेकायची. कागद कोरा तो कोराच. एकटे टेलरकाका काही बोलत नसत. साठीचे गृहस्थ, दुकान मुलाच्या हवाली करून दोन तास येत. पेन्सिल कानावर, खोडरबर खिशात. बघायचे, काढायचे, खोडायचे, पुन्हा बघायचे.

ही एकच बैठक तीन आठवडे चालली. शेवटच्या दिवशी सरांनी सगळ्यांना आपापलं चित्र भिंतीला टेकवून ठेवायला सांगितलं. दाढीच्या कागदावर माझ्या जागी एक लाल त्रिकोण होता. पोकळीचा कागद कोळशाने काळा केलेला, मधोमध फडक्याने पुसून पांढरा. मी तो चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला.

"यात मी कुठे आहे?"

"तुम्ही नाही आहात," ती म्हणाली. "तुमचं नसणं आहे."

"मी तर होते की. सहा दिवस होते. माझा गुडघा साक्षीला आहे."

सर हसले. ती हसली नाही.

मग टेलरकाकांचं चित्र. त्यात मी होते. हनुवटीखालची सुटलेली कातडी, एक खांदा जरा उतरलेला. नाकाचा बटाटा झाला होता, पण मांडीवरचे हात माझेच होते. प्लास्टरच्या पट्ट्या भिजवून भिजवून जाड झालेली बोटं, आणि ती अशी ठेवलेली की आता कुणीतरी हाक मारेल आणि उठावं लागेल. मी तशीच बसते, हे मला माहीतच नव्हतं. मला गलबलून आलं.

"हे म्हणजे कॅलेंडर झालं," पोकळी म्हणाली. "दिसतं तेच काढलंय. दिसतं ते काय, कुणीही काढेल."

दाढीने मान डोलावली, आणखी दोघं हसली. टेलरकाकांनी कागद उचलला, सावकाश गुंडाळला, त्याला रबर लावलं. "येतो सर," एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले.

माझ्या डोक्यावरून पाणी गेलं. मी चौथऱ्यावर चढून खुर्चीत बसले आणि हात पुढे केला.

"कुणीही काढेल ना? मग तू काढ. हा हात. पाचच बोटं आहेत, जास्त नाहीत. काढ, मी बसलेय."

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. पेन्सिल उचलली नाही.

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. "हात काढता येत नाही, म्हणून पोकळी!"

आणि मला तिचा चेहरा दिसला. तसा चेहरा मी पस्तीस वर्षं पाहिलाय. मोडलेल्या जागी कुणी नकळत बोट दाबलं की माणूस लगेच ओरडत नाही, आधी पांढरं पडतं. ती तशीच उठली आणि निघून गेली. पेन्सिलींचा डबा तिथेच राहिला.

सगळे गेल्यावर सर म्हणाले, "तुम्ही बरोबर बोललात, सिस्टर. वाईट त्याचंच वाटतं."

मग त्यांनी सांगितलं. मुलीने तीनदा कला महाविद्यालयात अर्ज केला, तीनदा नकार. शेवटच्या वेळी तिच्या चित्रांवर कुणीतरी शेरा मारला होता: हातांचा अभ्यास नाही. "तो कागद तिने मला दाखवला होता. त्यानंतर तिने माणूस काढलंच नाही. हे पोकळीचं तेव्हापासून सुरू झालं."

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. टेलरकाकाही आले नाहीत. घरी धाकटीला सगळं सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं नाही, नुसतं म्हणाली, "मोडलंत तुम्ही, बांधायलाही तुम्हालाच लागेल. तुमचंच तर काम ते."

पोकळी चष्म्याच्या दुकानात नोकरीला आहे, एवढं सरांना माहीत होतं. मी तिचा पेन्सिलींचा डबा पिशवीत टाकला आणि गेले. ती काउंटरमागे होती, अंगात दुकानाचा निळा कोट, बाह्या वर दुमडलेल्या. समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते.

"आजोबा, इथे टोचतंय? आणि कानामागे? आता मान खाली करा. बूट बघा तुमचे. घसरला?"

"थोडा."

"थांबा हं."

इवल्याशा स्क्रूड्रायव्हरने तिने काहीतरी फिरवलं, चष्म्याची काडी गरम हवेवर धरून जराशी वाकवली, चष्मा परत त्यांच्या डोळ्यांवर चढवला. मग दोन पावलं मागे सरून त्यांच्याकडे बघत राहिली. एक डोळा मिटून, डोकं तिरकं करून. तसं बघणं मी वर्गात एकाचंच पाहिलं होतं, टेलरकाकांचं. ही तीच मुलगी, हेच मला खरं वाटेना.

मग तिला मी दिसले. तिचा हात थबकला.

"माझा चष्मा घसरतो," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. कित्येक वर्षं घसरत होता.

आजोबांना निरोप देऊन ती माझ्यासमोर बसली. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, चष्मा काढला, परत पाहिलं.

"तुमचा डावा कान उजव्यापेक्षा वर आहे," ती म्हणाली. "दोन-तीन मिलिमीटर. नाकही किंचित उजवीकडे आहे. म्हणून घसरतो. चष्म्याचा दोष नाही."

एकसष्ट वर्षं हे कान घेऊन मी फिरतेय, आणि मला पत्ता नाही!

"वर्गात नाही दिसलं हे तुला?"

"दिसलं की. पहिल्याच दिवशी."

"मग काढलं का नाहीस?"

"ते..." ती काडी वाकवत राहिली. "हे दुकानातलं बघणं आहे, सिस्टर. याला कोण कला म्हणणार?"

मी पिशवीतून डबा काढून काउंटरवर ठेवला. "मी चुकले. चार लोकांत बोलायला नको होतं."

"खोटं कुठे बोललात?"

"खरं होतं म्हणून काय झालं? खरं सांगायचं तर आधी दार लावून घ्यावं. वॉर्डात कळायचं मला हे. तिथे विसरले."

तिच्या डोळ्यांतून एक थेंब टपकन माझ्या चष्म्याच्या काचेवर पडला. तिने तो मऊ फडक्याने पुसला, सवयीने दोन्ही बाजूंनी पुसला, आणि तेवढ्या वेळात स्वतःला सावरलं.

"हात समोर आला की मला घाम फुटतो," ती म्हणाली. "पाच मोजून काढते, सहा होतात."

मला हसू आलं. मग तिलाही.

"आणि काकांचं चित्र?" मी विचारलं.

तिने डबा जवळ ओढला. "चांगलं होतं. फारच चांगलं होतं. म्हणून तर..."

"हे मला सांगून काय उपयोग?"

तिच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही टेलरकाकांच्या दुकानात गेलो. ते कात्री घेऊन टेबलावर वाकले होते, गळ्यात टेप. आम्हाला बघून सरळ झाले. पोकळीने घसा साफ केला.

"काका, त्या दिवशी माझा रोख मुळात आकृतिबंधाच्या..."

मी खोकले.

ती थांबली. मान खाली घातली. "चित्र छान होतं. मला तसं येत नाही. म्हणून बोलले मी."

काकांनी कात्री खाली ठेवली. "कळलं होतं मला," ते म्हणाले. "पण पोरी, वाईट वाटायचं ते वाटलंच. दोन दिवस पेन्सिल हातात धरवेना." मग जरा वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखे, "तसं नाक बिघडलंच होतं म्हणा. नाक मला येतच नाही."

"नाक सोपं असतं," ती पटकन म्हणाली. "चष्मा टेकतो तिथून सुरुवात करायची. खालून नाही."

"खालून नाही?"

"नाही. इथून." आणि तिने बिनदिक्कत काकांच्या नाकाच्या दांडीवर बोट ठेवलं. काकांचा मुलगा शिवणयंत्र थांबवून बघायला लागला.

"आणि हात?" तिने हळूच विचारलं.

काकांनी टांगलेल्या एका कोटाची बाही हातात घेतली. "तू बोटांपासून सुरू करत असशील. हात इथून सुरू होतो, खांद्यातून. बाही कापणाऱ्याला विचार. खांदा बसला की कोपर आपोआप जागेवर येतं, मनगट त्याच्या मागे. बोटं सगळ्यात शेवटी. बोटांना कसली घाई?"

त्यानंतर दोघंही वर्गात परतली. पोकळी काही एका रात्रीत बदलली नाही. अधूनमधून अवकाश आणि नेणीव निघतच. दाढी तर अजून त्रिकोणातच आहे. पण ती सुट्टीच्या दुपारी आमच्या घरी यायला लागली, आणि मी भाजी निवडत असले की हात काढायची. पहिले हात गाजराच्या जुड्यांसारखे आले. धाकटीने विचारलं, "हे काय शिजवायचंय का?" पोरीने ते फाडले नाहीत, हसत हसत पुढचं पान उलटलं.

तिने चौथ्यांदा अर्ज केला. नकार आला. या वेळी हातांबद्दल काही म्हटलं नव्हतं, काहीच म्हटलं नव्हतं. ती कागद घेऊन आमच्याकडे आली, जेवली, मग ताट पुढ्यात तसंच ठेवून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. वॉर्डात मी जे ठेवणीतलं बोलायची, ते काही बोलले नाही.

धाकटी खिडकीशी बसून केस मोकळे करत होती. थोड्या वेळाने मुलीने नाक पुसलं आणि ती धाकटीला म्हणाली, "मावशी, तुम्हाला काढू?"

"आत्ता? अगं केस तरी विंचरू दे."

"विंचरा ना. विंचरतानाच काढते."

अर्ध्या तासाने कागद पुढे आला तेव्हा धाकटीने तो हातभर लांब धरून पाहिला. डोक्यावरून मागे गेलेला हात, त्या हातात कंगवा, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळे खिडकीबाहेर.

"मी इतकी म्हातारी दिसते?"

"हो," मुलगी म्हणाली.

आता ही काहीतरी टोचून बोलणार, असं मला वाटलं. पण धाकटी बघतच राहिली.

"माझी आई अशी बसायची," ती म्हणाली. "तिचा एकही फोटो नाही आमच्याकडे." मग तिने पदराने डोळे टिपले आणि जरा जोरातच विचारलं, "मला ठेवू देशील हा?"

तो कागद तिने कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने लावलाय. कुणाला दाखवत नाही. सकाळी कपडे काढायला दार उघडते, तेव्हा जरा जास्तच वेळ लावते.