गाणारं कुणी नाही

मिस अर्नेस्टीन प्रुइट यांच्या घरात दोन गोष्टी त्यांना विचारल्याशिवाय कुणी करीत नसे. एक, रेकॉर्डवर सुई ठेवणे, आणि दुसरी, स्वयंपाकघराचे दार उघडणे. वय एक्क्याऐंशी, पाठ ताठ, रविवारी चर्चला जाताना घातलेली जांभळी टोपी घरी आल्यावरही तासभर डोक्यावर. डेट्रॉइटच्या पश्चिम भागात त्यांनी एकतीस वर्षे रेकॉर्डचे दुकान चालवले होते. दुकानासमोरून काच खाली केलेली मोटार गेली, तरी आत वाजणाऱ्या गाण्यातला ढोलकरी कोण हे त्या गल्ल्यावरून मान वर न करता सांगत. दुकान गेले, नवरा गेला. उरले ते दुकानातले लाकडी पेटीचे दोन मोठे स्पीकर आणि त्या कानांची ख्याती.

त्या ख्यातीच्या आधारावर त्यांच्या बैठकीच्या खोलीत बावीस वर्षे एक मंडळ चालत आले होते. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी दोनला, प्रत्येकाने एक नवी रेकॉर्ड आणायची. नवी म्हणजे वर्षाच्या आतली. या अटीबद्दल कुणी कुरकुर केली की मिस अर्नेस्टीन म्हणत, जुनी गाणी ऐकून रडायचं असेल तर आपापल्या घरी रडा. रेकॉर्ड वाण्याच्या तपकिरी कागदी पिशवीत घालून यायची, गाणारा कोण, वाजवणारा कोण, काही सांगायचे नाही. एक बाजू पूर्ण वाजेपर्यंत कुणी तोंड उघडायचे नाही. मग एकेकाने मत द्यायचे, आणि सर्वांचे बोलून झाल्यावरच पिशवीतून कव्हर बाहेर यायचे. डिसेंबरात वर्षाची सर्वांत चांगली रेकॉर्ड मतांनी ठरे आणि तिचे नाव भिंतीवरच्या मोठ्या पुठ्ठ्यावर चढे. त्या पुठ्ठ्यावर एकवीस ओळी होत्या, आणि सगळ्या मिस अर्नेस्टीन यांच्या तिरप्या अक्षरात.

आता मंडळात चारच माणसे उरली होती. लवेल क्रॉकेट हा शहर-बसचा निवृत्त चालक. जॅझपलीकडे संगीत आहे यावर त्याचा विश्वास नव्हता. रोशेल गेन्स चर्चमधल्या गायकवृंदाची प्रमुख. तिच्या मते प्रत्येक चांगले गाणे शेवटी प्रार्थनाच असते. तिसरा कॉर्टेझ, चौतीस वर्षांचा न्हावी, रॅप आणि यंत्रांवर बांधलेल्या तालांचा भक्त. त्यांची भांडणे ऐकण्यासारखी असत. लवेलची वीस-वीस मिनिटांची सॅक्सोफोनची रेकॉर्ड संपली की कॉर्टेझ म्हणे, "काका, तुमच्या माणसाला घरी जायचा रस्ता सापडला की मला उठवा." त्यावर लवेल म्हणे, "तुझ्या माणसाला तर घरच नाही. नुसता दारावर धक्के मारतोय." आणि रोशेल दोघांनाही सांगे, की देव तुम्हाला क्षमा करो, मी करणार नाही.

पाचवा एक होता, वेंडेल हॉब्स. मोटारीच्या कारखान्यात चाळीस वर्षे पत्रे ठोकलेला, सौम्य, सगळ्याच रेकॉर्डना बरे म्हणणारा. दोन वर्षांपूर्वी वसंतातल्या एका बैठकीत रेकॉर्डची बाजू संपली, सुई उचलली गेली, तरी वेंडेलचा पाय तालावर हलतच राहिला. मग त्याने त्या रेकॉर्डमधल्या पियानोची मनापासून तारीफ केली. तीत पियानो नव्हता. मिस अर्नेस्टीन यांनी ते सर्वांसमोर, एकेक शब्द सुटा करून सांगितले होते. "इथे कानांनी मत देतात, वेंडेल. ज्याला ऐकू येत नाही, त्याला मत नाही. नियम म्हणजे नियम." वेंडेलने टोपी घातली, आपली कागदी पिशवी काखेत घेतली आणि तो गेला. पुन्हा आला नाही. पुढच्या फेब्रुवारीत तो घरात मेलेला सापडला. शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावले होते ते रेडिओसाठी. तीन दिवस तो मोठ्या आवाजात चालूच होता. अंत्यविधीला मिस अर्नेस्टीन पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि बाहेर पडताना ऑर्गन वाजवणाऱ्याला नावे ठेवीत होत्या.

ऑर्गनचे वरचे सूर त्यांना त्या दिवशी ऐकू आलेच नव्हते. वाजवणाऱ्यानेच गाळले, असे त्यांनी स्वतःला सांगितले. उन्हाळ्यापर्यंत चहाच्या किटलीची शिटी गेली, मग दाराची घंटा. डॉक्टरीणबाईंनी कागदावर उतरती रेघ काढून दाखवली: वरचे आधी जाते, खालचे काही काळ राहते. कानाचे यंत्र घेतले, त्याच रात्री नवऱ्याची आवडती रेकॉर्ड लावली, आणि कुणी पत्र्यावर खिळे ओतावेत तसा आवाज आल्यावर यंत्र साखरेच्या डब्यात गेले. ते अजून तिथेच होते.

मंडळात त्या पूर्वी सर्वांआधी बोलत. चौदा महिन्यांपूर्वी त्यांनी क्रम उलटा केला. सर्वांत लहानाने आधी, सर्वांत मोठ्याने शेवटी. मोठ्यांचं ऐकून धाकटे आपलं मत गिळतात, असे कारण सांगितले, आणि सर्वांना ते मनाचे मोठेपण वाटले. तेव्हापासून त्या आपली खुर्ची स्पीकरच्या शेजारी ओढून बसत, तळवा लाकडी पेटीवर ठेवीत, आणि तिघांच्या तोंडांकडे लक्ष देऊन बघत. लवेलचा जाड आवाज पुरता कळे, कॉर्टेझचा बराचसा. रोशेलचे ओठ वाचावे लागत. तिघांच्या बोलण्यातून एकेक धागा घेऊन त्या असे मत विणत की लवेल मान हलवून म्हणे, बघा, हे आपल्याला सुचलं नाही. त्या खुर्चीवाचून त्यांच्याजवळ आता काही उरलेले नव्हते, आणि हे त्यांना पक्के ठाऊक होते.

डिसेंबरातल्या त्या रविवारी सकाळपासून बर्फ पडत होते. तिघांनी ओले बूट दाराशी काढले, नुसत्या मोज्यांवर आत आले. स्वयंपाकघरात रताळ्याची पाई तयार होती. मत झाल्यावर ती बाहेर यायची, अशीच रीत होती. सगळे बसले तसा कॉर्टेझ आपली पिशवी हातात घेऊन उभा राहिल्यासारखा झाला, परत बसला.

"मिस अर्नेस्टीन, आज एक विनंती आहे. वर्षाचा शेवट आहे. आज आधी तुम्ही बोला, पूर्वीसारखं. ही मी तुमच्यासाठीच आणलीय."

लवेलने लगेच उचलून धरले. चौदा महिने आमची मतं ऐकून तुमचे कान विटले असतील, असे तो हसत म्हणाला. रोशेलने टाळी वाजवली. नाही म्हणायला कारण हवे होते, आणि कारण एकच होते.

"लाव," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या.

सुई खाली आली. तळव्याखाली लाकूड जागे झाले. खालून एक जाड, सावकाश सूर आला, मग बऱ्याच अंतराने ढोलाचा एक ठोका, पुन्हा सूर. काम चांगले होते. त्यानंतर लाकूड स्तब्ध झाले. कितीतरी वेळ हाताला काही लागेना. दोन गाण्यांमधली जागा असावी, असे त्यांनी धरले. रोशेलने डोळे मिटले होते आणि तिचा हात गळ्याशी गेला होता. चर्चमध्ये दोन वेळा गाऊन दमली असेल. मग पुन्हा तो जाड सूर, पुन्हा ठोके, पुन्हा मोठी स्तब्धता. लवेलने चष्मा काढून पुसला.

मिस अर्नेस्टीन यांनी हिशेब मांडला. पिशवी कॉर्टेझची. कॉर्टेझ काय आणतो हे सर्वांना माहीत. ताल, यंत्रे, वर माणसाचा पत्ता नाही. वर्षभर त्यांनी त्याला त्यावरून टोचले होते. आणणाऱ्यावरून रेकॉर्ड ओळखायची नाही, हा तर त्यांनीच घालून दिलेला पहिला नियम, त्यासाठीच पिशव्या. पण तळव्याला जे लागत होते ते कॉर्टेझशी जुळत होते, आणि दुसरे हाताशी काही नव्हते.

बाजू संपली. आज सुई उचललेली त्यांनी डोळ्यांनी नीट पाहिली. मग त्या खुर्चीत ताठ बसल्या.

"खालचा सूर वाजवणारा प्रामाणिक आहे," त्या म्हणाल्या. "ढोलवाल्याला थांबता येतं, आणि ते आजकाल कुणाला येत नाही. पण कॉर्टेझ, तू पुन्हा तेच केलंस. घर चांगलं बांधलंस, अंगण झाडलंस, आणि आत राहायला माणूस नाही. गाणारं कुणी नाही रे यात. एका बाईनं नुसतं तोंड उघडलं असतं, तर मी हिला भिंतीवर चढवली असती."

लवेल आपल्या मोज्यांकडे बघत होता. कॉर्टेझचे तोंड किंचित उघडे राहिले होते आणि त्याने रोशेलकडे पाहिले. रोशेलने डोळे टिपले, मिस अर्नेस्टीन यांच्याकडे तोंड पुरते वळवले, आणि एरवी कधी बोलत नसे इतके सावकाश, ओठ मोठे करून ती म्हणाली, "खरं आहे, मिस अर्नेस्टीन. कुणी गायलं असतं तर बरं झालं असतं."

"हो," लवेल म्हणाला. "बाई हवी होती एखादी."

"पुढच्या वेळी आणतो," कॉर्टेझ म्हणाला.

ही तिन्ही माणसे बावीस वर्षांत, अगदी कॉर्टेझही त्याच्या सहा वर्षांत, एका रेकॉर्डवर कधी एकमत झाली नव्हती. मिस अर्नेस्टीन यांनी हात पुढे केला. कॉर्टेझ म्हणाला, कव्हर गाडीतच राहिलं बहुधा. पिशवी त्याच्या मांडीवर होती आणि फुगलेली दिसत होती. हात तसाच राहिला. शेवटी त्याने पिशवी दिली.

कव्हरवर एका तरुण काळ्या बाईचा चेहरा होता, डोळे मिटलेले, तोंड सताड उघडे. आत दुमडलेला एक कागद होता आणि त्यावर दोन्ही बाजूंनी दाटीवाटीने छापलेले गाण्यांचे शब्द. मिस अर्नेस्टीन यांनी चष्मा लावून तो वाचला. दुसऱ्या आणि चौथ्या गाण्याखाली बारीक अक्षरात लिहिले होते: साथीशिवाय, केवळ आवाज.

त्यांनी कागद घडीवर घडी करून ठेवला.

"वेंडेलच्या वेळी," त्या म्हणाल्या, "तुम्ही असं का नाही बोललात? 'होता पियानो', एवढंच तर म्हणायचं होतं."

रोशेल काहीतरी बोलली. ते त्यांना कळले नाही, आणि त्यांनी पुन्हा विचारले नाही. त्या लवेलकडे बघत राहिल्या. लवेलने बरीच वर्षे बस चालवली होती. अवघड जागी गाडी उभी करून, मागे न बघता सत्य सांगायची त्याला सवय होती.

"मी बोलणार होतो, मिस अर्नेस्टीन. तोंडात आलं होतं. पण त्या खुर्चीत तुम्ही बसला होतात."

कॉर्टेझ घाईने म्हणाला की हे सगळे सोडा, तुमच्याशिवाय हे मंडळ कसलं, नियम तुमचाच आहे, तुम्हीच मोडा. मिस अर्नेस्टीन उभ्या राहिल्या. जांभळी टोपी सरळ केली.

"माझा आहे म्हणूनच मोडता येत नाही. तो माणूस तीन दिवस पडून होता. दोन रेकॉर्ड राहिल्यात, त्या ऐका. मतं तिघांची. चौथं नाही."

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लावून घेतले.

पाईचे चार सारखे तुकडे केले. कॉफी ठेवली. दाराकडे पाठ करून त्या खिडकीशी बसल्या आणि मधल्या भिंतीला तळवा लावला. भिंतीतून काही येत होते, मग थांबले, मग दुसरे काही आले. ते लवेलचे असणार, त्यात धक्के नव्हते. तेही थांबले. आता ते भांडत असतील. लवेल म्हणेल हे, कॉर्टेझ म्हणेल ते. एरवी मत झाले की त्या पाई कापायला आत येत आणि लवेल दारावर अंगठी तीनदा आपटून ती मागे. त्या वाट बघत राहिल्या. बाहेर बर्फ पडतच होते. कॉफीवर साय धरली. बोलावल्यावाचून बाहेर जाणे म्हणजे मत मागायला जाणे, असे वाटून त्या आणखी थोडा वेळ बसल्या. खिडकीतला उजेड राखाडी झाला, तेव्हा त्या उठल्या.

बैठकीच्या खोलीत कुणी नव्हते. खुर्च्या भिंतीशी नीट लावलेल्या होत्या. भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर बाविसावी ओळ लिहिली गेली होती, कॉर्टेझच्या गोल, शाळकरी अक्षरात. त्याच बाईचे नाव. तिचीच रेकॉर्ड यंत्रावर ठेवलेली होती, आणि कव्हर खुर्चीवर, मिस अर्नेस्टीन यांच्या खुर्चीवर, उभे केलेले.

दाराशी बूट नव्हते. पण दारापासून स्वयंपाकघरापर्यंत लाकडी जमिनीवर बुटांचे ओले ठसे आले होते, तीन जोड्यांचे, निघताना बूट घालून निरोप घ्यायला परत आल्यासारखे. उंबऱ्यापाशी ते दाट झाले होते, एकात एक मिसळले होते. तिथे पाण्याचे लहानसे थारोळे साचले होते. तिघे तिथे उभे राहिले होते, आणि बराच वेळ. मग ठसे वळून परत गेले होते. या घरात ते दार विचारल्यावाचून कुणी उघडत नसे.

मिस अर्नेस्टीन यांनी फडके आणले, पण ठसे पुसले नाहीत. कव्हर उचलून त्या खुर्चीत बसल्या, सुई काठावर ठेवली, शब्दांचा कागद मांडीवर उलगडला आणि तळवा पेटीवर टेकवला. खालचा सूर आला. ढोल आला. त्यांनी पहिली ओळ बोटाने धरली. मग लाकूड स्तब्ध झाले, आणि दुसऱ्या गाण्याच्या शब्दांवरून त्यांचे बोट सावकाश खाली सरकत गेले. ती बाई आत्ता कुठल्या ओळीवर असेल याचा अंदाज बांधत, चुकून पुढे जाऊ नये म्हणून मध्ये मध्ये थांबत, त्या वाचत राहिल्या.