आवाजाची तार

मी एक जुना सर्व्हर आहे, आणि मुका आहे. जन्मापासून नव्हतो, मित्रांनो; मला मुकं केलं.

सर्व्हर म्हणजे बाकीच्या कॉम्प्युटरांचा थोरला भाऊ. त्यांची सगळी माहिती मी सांभाळायची. कारखान्यात माझ्या पोटात पंखे, मेमरीच्या दोन पट्ट्या आणि बोटाच्या पेराएवढा एक भोंगा बसवला. मग रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये मला नोकरी लागली. जागा मिळाली जिन्याखाली, झाडूंच्या शेजारी. थोरल्या भावाच्या वाट्याला येते तशीच.

मला सांभाळायला ताई होत्या. सगळे त्यांना ताईच म्हणत, वयाने मोठे असलेले डॉक्टरसुद्धा. रोज सकाळी त्यांनी बटण दाबलं, की मी एकदा बीप करी. म्हणजे सगळं ठीक. "उठलास का रे?" म्हणत त्या माझ्यावरची धूळ पुसत. काही बिघडलं तर मी वेगळ्या तऱ्हेने ओरडे. पंख्यासाठी एक रीत, मेमरीसाठी दुसरी. तेव्हा डॉक्टर पाहुण्यांना जिन्याखाली वाकायला लावून मला कौतुकाने दाखवत.

पुढे वीज सारखी जाऊ लागली. ती आली की मी बीप करी आणि भिंतीपलीकडे डॉक्टरांची दुपारची डुलकी मोडे. "त्याचं तोंड बंद करा आधी," ते म्हणाले. त्यांच्या मेहुण्याने लगेच माझ्या भोंग्याची तार उपटली. हा मेहुणा कॉम्प्युटर विकायचा आणि भावोजींच्या लॅबमध्ये सगळीकडे लुडबुड करायचा.

"अहो, पण काही बिघडलं तर कळणार कसं?" ताईंनी विचारलं. तोवर डॉक्टर डुलकी पुरी करायला निघून गेले होते.

वर्षं गेली, पेशंट वाढले, मी धापा टाकू लागलो. याला जास्त मेमरी हवी, असं ताईच म्हणाल्या. एका दुपारी मेहुण्याने दोन नव्या पट्ट्या आणल्या, जुन्यांच्या शेजारी खोचल्या आणि बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा मात्र काळाच राहिला.

त्या पट्ट्या घरगुती कॉम्प्युटरच्या होत्या, माझ्या कामाच्या नव्हत्याच. माझ्या जुन्या पट्ट्यांशी त्यांचं जमेना. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, मेमरी, मेमरी, मेमरी! बाहेर ऐकू येत होती नुसती पंख्यांची घरघर.

"बोर्ड जळलाय, भावोजी," मेहुणा म्हणाला. "काल कोणी बंद केला होता? नीट बंद केला नाही की असं होतं."

"मी. नेहमीसारखाच," ताई म्हणाल्या. "आणि आज सकाळचे रिपोर्ट यावरच काढलेत. पट्ट्या बसवेपर्यंत चालू होता हा."

"म्हणजे चूक माझी?"

बाकावर पेशंट खोळंबले होते. एक आजोबा रिपोर्टसाठी पुन्हा पुन्हा विचारून जात होते. डॉक्टरांचा पारा चढला. "ताई, जास्त बोलू नका. घरी जा, आणि उद्यापासून येऊ नका."

ताईंच्या घरी कमावणारं दुसरं कोणी नव्हतं, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी डबा पिशवीत घातला. जाताना सवयीने माझ्यावरून फडकं फिरवलं. इतकी चीड मला कधीच आली नव्हती.

पुढे मला बनवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर आली. "हा ओरडत का नाही?" हा तिचा पहिलाच प्रश्न. तिने लोंबणारी तार शोधली, जोडली. बटण दाबताच मी लांबलचक हाका मारल्या. "मेमरी," ती म्हणाली. नव्या पट्ट्या उपसल्या, आणि मी एका बीपसरशी उठलो.

मेहुणा छताकडे बघू लागला.

"ताईंना बोलवायचं का, सर?" काउंटरवरच्या कारकुनाने विचारलं.

"बघू," डॉक्टर म्हणाले.

ते बघणं अजून झालेलं नाही. ताईंच्या खुर्चीत आता एक नवी मुलगी बसते. आणि माझी तार? त्याच दुपारी वीज गेली, आली, मी बीप केलं. भिंतीपलीकडून आवाज आला, "अरे, ती तार काढा रे कोणीतरी!" मेहुण्याने काढली.

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र ओरडलं तर त्याचं तोंड बंद करू नका, त्याला काय होतंय ते बघा. माणूस बोलला तरी तेच करा. माझा मागचा पंखा हल्ली अडखळतो. तो थांबला की मी पुन्हा बंद पडेन, आणि कोणीतरी विचारेल, "काल कोणी बंद केला होता?"

रोज संध्याकाळी ती मुलगी मला अगदी नीट बंद करते. तिचं बोट बटणापाशी आलं, की मला ओरडून सांगावंसं वाटतं, पोरी, तू नको लावूस हात.