खंडेनवमीला चाललेली लेथ

दुसऱ्याच्या जमिनीत आपली लेथ मशीन गाडू नये. हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. माझ्या बायकोनं, वनितानं, सांगितलं होतं. मशीन आणायला मी टेम्पो ठरवून आलो तेव्हा ती म्हणाली, "मशीन आपली, जमीन त्याची. उद्या काय बिनसलं तर काय करणार तुमी?" मी तिच्यावरच खेकसलो. म्हणालो, "सोमाचं अन माझं बिनसायचं न्हाई." एकतीस वर्षांच्या दोस्तीवर माणूस एवढं बोलतोच.

मी रतन. राहायला भोरात. शिरवळच्या एका कंपनीत टर्नर होतो, म्हणजे लेथवर धातू फिरवून त्याला आकार देणारा. एकतीस वर्षांत मी काय केलं असं कुणी विचारलं तर सांगायला लाज वाटते. बुश केले. अंगठ्याएवढा, गोल, मधून पोकळ तुकडा. तो कुठल्याशा पंपात जातो म्हणे. तो पंप मी कधी पाहिला नाही. सकाळी पाळीवर जायचं, बुश काढायचे, संध्याकाळी घरी यायचं. साहेब लोक माझ्या हाताचं कौतुक करायचे आणि आणखी बुश द्यायचे. मला एकदाच, अगदी एकदाच, अख्खी वस्तू करायची होती. सगळे भाग माझ्या हातचे आणि शेवटी ती चालली पाहिजे. वीतभर उंचीचं, खऱ्या वाफेवर चालणारं इंजिन करायचं मी मनाशी धरलं होतं.

हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. सोमनाथला, म्हणजे सोमाला. तो भाटघरचा, कंपनीत तपासणीच्या टेबलावर. मी काढलेला बुश तो मोजायचा आणि पास करायचा. कंपनीच्या बसमध्ये मी त्याच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायचो. तो फाट्यावर चढला की माझं सुरू. रिटायर झाल्यावर वर्कशॉप कुठं घालायचं, लेथ केवढी घ्यायची, ड्रिल मशीन कुठल्या भिंतीला, उजेड कुठल्या बाजूनं. सोमा हूं हूं म्हणत राहायचा. मध्येच विचारायचा, "अन मग?" त्या "अन मग"वर मी दोन-दोन गावं बोलत जायचो.

आम्ही चार महिन्यांच्या अंतरानं रिटायर झालो. भोरात माझ्या दोन खोल्या, त्यात मशीन ठेवली तर वनिताला बाहेर झोपावं लागलं असतं. सोमानं म्हशी विकल्या होत्या, गोठा रिकामाच होता. तोच म्हणाला, "घाल की माझ्या गोठ्यात. म्हशीपरास बरं, दूध न्हाई देणार पण शेण तरी न्हाई." मग मी भोसरीत बंद पडलेल्या एका कारखान्याची साडेचार फुटी लेथ घेतली. जुनी, पण बेड, म्हणजे खालचा लोखंडी पाट, असा सरळ की हात फिरवत राहावं. टेम्पो कात्रज उतरून कापूरहोळवरून भाटघरला आला आणि पाइपांवरून ढकलत आम्ही ती आत नेली. अर्धं गाव बघायला. सोमाची बायको बनाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "नव्याचं नऊ दिस, भावजी. धाव्या दिशी ह्येच्यावर वाकळा वाळत घालीन म्या."

दहाव्या दिवशी मी जमीन फोडत होतो. लेथ नुसती ठेवून चालत नाही, ती थरथरली की काम बिघडतं. आम्ही टर्नर लोक ह्या बाबतीत हट्टी. गुडघाभर खड्डा घेतला, बोल्ट गाडले, सिमेंट ओतलं, आणि मग पाणसळ ठेवून मशीन समपातळीत आणायला मला पुरे आठ दिवस लागले. बोल्टांभोवती मी असं सिमेंट ठासलं की भूकंप झाला तरी सोमाचं घर हलेल, मशीन नाही. तेव्हा मला ह्याचा फार अभिमान होता. आपल्याच हातानं मी माझी मशीन त्याच्या जमिनीत पुरली.

बाकीचं मग हौसेहौसेनं जमवलं. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं. गव्हाणीवर सागाची जाड फळी टाकून टेबल केलं. पुण्याच्या जुन्या बाजारातून तुकडा आवळून धरायचा व्हाइस आणला, तो दोघांनी पाळीपाळीनं उचलून स्टँडपर्यंत आणला. भिंतीला प्लायवूड ठोकून त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती काढली, म्हणजे जागेवर नाही ते लगेच दिसावं. सोमाला लेथ येत नव्हती, ती मी शिकवली. हत्यार कसं धरायचं, कट कधी मारायचा, आवाज बदलला की हात कसा मागं घ्यायचा. नियम एकच ठेवला होता, बाहेरचं काम घ्यायचं नाही. ट्रॅक्टरची पिन, पंपाचा शाफ्ट, कुणाचं काही नाही. इथं फक्त इंजिन होणार. मशीनवर हात ठेवून सोमा म्हणाला होता, "बाहेरचं न्हाई म्हंजे न्हाई."

भाद्रपदात मी इंजिनाच्या सिलिंडरला हात घातला. सिलिंडर म्हणजे त्या इंजिनाचा जीव. त्याचा लाकडी साचा मी स्वतः कोरला होता आणि एका म्हाताऱ्या ओताऱ्याकडून पितळी ओतीव करून घेतली होती. त्यानं ओतला आणि महिन्याभरात डोळ्यांच्या ऑपरेशनला मुलाकडं निघून गेला, म्हणजे दुसरा सिलिंडर ओतून मिळणार नव्हता. तो चकात, म्हणजे मशीनच्या जबड्यांत, मधोमध पकडायला मला चार दिवस लागले. ह्या कामात एक गोष्ट असते. एकदा पकडलेला तुकडा काम पुरं होईपर्यंत सोडायचा नाही. सोडला की पुन्हा त्याच जागी बसत नाही, आणि अर्धवट कोरलेलं भोक वाकडं होऊन बसतं.

भोक निम्मं झालं आणि सोलापूरहून जावयाचा फोन आला. प्रेरणाला, माझ्या मुलीला, दिवस भरायच्या आधीच दवाखान्यात नेलं होतं. मी सिलिंडर तसाच चकात ठेवला, वर स्वच्छ फडकं बांधलं आणि सोमाला म्हणालो, "ह्याला हात लावू नगंस." तो म्हणाला, "तू जा पोरीकडं. हितं चिमनीबी फिरकायची न्हाई." नातू झाला, काचेच्या पेटीत राहिला, घरी आला. ह्यात तीन आठवडे गेले. मी फोन केला की सोमा म्हणायचा, "सगळं जागच्या जागी हाय."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी आणि वनिता परत आलो. दसऱ्याला आमच्या विहारात धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम असतो, तो मी चुकवत नाही. आदला दिवस म्हणजे खंडेनवमी. आमच्या घरी ती नसते, सोमाच्या घरी कडक. त्या दिवशी हत्यारं पुसायची, पूजायची आणि विश्रांती द्यायची. कंपनीतसुद्धा त्या दिवशी पूजा झाली की मशीन बंद. सोमा तर असा की खंडेनवमीला ब्लेडनं नखसुद्धा काढणार नाही. मी पूजा करत नाही, पण मशीन पुसून तेल द्यायला मला आवडतं. म्हणून वनिताला घरी सोडलं आणि मिळेल त्या एसटीनं भाटघरला गेलो.

फाट्यावरून आत वळलो आणि थांबलो. लेथ चालत होती. मला आधी वाटलं कान वाजतायत. पण माझ्या मशीनचा आवाज मी झोपेतही ओळखीन. खंडेनवमीला, सोमाच्या गोठ्यात, लेथ चालू. ज्या माणसानं देवाचा दिवस मोडला त्यानं मला दिलेला शब्द कशाला पाळला असेल, हे मला तिथं रस्त्यातच कळलं.

आत सोमा चष्मा कपाळावर चढवून मशीनवर वाकला होता. चकात माझा सिलिंडर नव्हता. टेबलावर लाकडी ट्रे होता आणि त्यात ओळीनं मांडलेले बुश. तेच. तोच नंबर. शेवटची अठरा वर्षं मी त्याच नंबरचे बुश काढले, तो मला तोंडपाठ होता.

मी बटण दाबून मशीन बंद केली. "सिलिंडर कुठाय?"

सोमा दचकला. मग त्यानं गव्हाणीखालून डबा काढला. सिलिंडर चिंध्यांत गुंडाळून नीट ठेवला होता. नीट! प्रेत नीट ठेवलं म्हणून काय माणूस उठून बसतो?

"येडा हायस का तू?" मी ओरडलो. "म्याच शिकवलं ना तुला, पकडलेला तुकडा सोडायचा न्हाई म्हून? अन वर फोनवर सांगतोस, सगळं जागच्या जागी!"

"पुन्यांदा पकडू की रं," तो पुटपुटला.

"पुन्यांदा पकडता येत न्हाई, ह्ये तुला ठावं हाय."

त्याला ठाऊक होतं. मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं. कंपनीत आता सगळ्या कॉम्प्युटरच्या मशीन. जुन्या पंपांना थोडकेच बुश लागतात, त्यासाठी मोठी मशीन कोण अडवणार? स्टोअरच्या साहेबांनी सोमाला विचारलं. सोमानं सांगितलं, रतन टर्नरच्या हातचे देतो. दसऱ्यानंतर लगेच माल द्यायचा होता, म्हणून आज मशीन चालू.

"माझं नाव सांगितलंस?"

"तुझ्या नावाबिगर त्येंनी दिलं नसतं."

"पैशापायी केलंस?"

"पैसं न्हाई रं!" पहिल्यांदा त्यानं मान वर केली. "घरात कोन इचारतंय मला? सकाळी उठतो, अंघूळ करतो, अन जायचं कुठं? साहेबांचा फोन आला तवा म्हनलं, कुनाला तरी माझी याद हाय. मला त्यो बुश आवडायचा, रतन. हातात घेतला, गेज घातला, बरुबर बसला की दिवस चांगला जायाचा."

"अन इंजिन? एकतीस वर्षं बसमधी बोललो आपुन."

"तू बोलायचास," सोमा म्हणाला. "म्या हूं म्हनायचो. तुला बरं वाटायचं."

सिलिंडर गेला त्याचं दुःख मोठं होतं, पण ते मी कसंतरी गिळलं असतं. हे गिळवेना. एकतीस वर्षं मी कुणाशी बोलत होतो? तो "अन मग?" म्हणायचा तेव्हा त्याला पुढचं ऐकायचंच नव्हतं, नुसता रस्ता संपायला हवा होता. माझ्या आयुष्यातली सगळ्यात खरी गोष्ट मी ज्याला सांगितली त्यानं ती प्रवासात वेळ जावा म्हणून ऐकली. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

सोमानं ट्रेमधला एक बुश उचलून माझ्या हातात दिला. "बघ की जरा. भोकाचं माप बरुबर हाय का?"

त्या क्षणी असं विचारायला माणूस निर्लज्ज असावा लागतो, नाहीतर लहान मूल. मी गेज घेतला. एक मोजला, मग आणखी सात-आठ मोजले. चुकीचे निघावेत असं फार वाटत होतं. एकही निघाला नाही.

"बरुबर हाय," मी म्हणालो.

सोमाचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. त्यातच त्याचा मोबाईल वाजला. त्यानं नाव पाहिलं, फोन घेतला, "हो साहेब, हितंच हायत, देतो," म्हणाला आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. स्टोअरचे साहेब होते. कंपनीतली पूजा आटोपली असावी, मागं घंटा वाजत होती.

"रतनराव, परवा गाडी पाठवतो. माल तुमच्याच हातचा ना? तुमच्या भरवशावर दिलंय बरं का."

सोमा माझ्याकडं बघत होता. त्यानं आवाज न करता नुसते ओठ हलवले. व्हय म्हन.

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "सोमनाथच्या हातचा हाय. म्या थोडे मोजले, बरुबर हायत."

साहेब म्हणाले, मग गाडी राहू दे, वर विचारावं लागेल, नंतर कळवतो. नंतर कळवतो म्हणजे काय हे आम्हा दोघांनाही कंपनीनंच शिकवलं होतं.

मी मोबाईल टेबलावर ठेवला. सोमा पांढरा पडला होता. "केसानं गळा कापलास माझा," तो म्हणाला. "एकतीस वर्षांचा दोस्त ना तू? एक व्हय म्हनायला तुझं काय जात हुतं?"

माझा राग तेव्हा उतरला होता. राग असता तर बरं झालं असतं.

"सोमा," मी म्हणालो, "तू मला नुसतं इचारलं असतंस. सोलापूरला एक फोन. रतन, तुझं इंजिन ऱ्हाऊ दे, मला बुश काढायचेत, एवढंच. म्या भेटंल त्या गाडीनं आलो असतो. सिलिंडर माझ्या हातानं सोडला असता. अन तुझे सगळे बुश म्याच काढून दिले असते."

त्यानं विचारलं, "खरं?"

"खरं."

सोमा गव्हाणीच्या कडेला बसला आणि रडायला लागला. बनाबाई पूजेचं ताट घेऊन दारापर्यंत आली आणि तशीच माघारी गेली. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं मला वाटलं. फार वाटलं. पण हात उचलला नाही. लेथ तिथंच सोडून, नुसता सिलिंडर पिशवीत घालून मी फाट्यावर आलो आणि भोरच्या एसटीची वाट बघत उभा राहिलो.